‘मध्यम’ रक्तक्षय खरेच दुप्पट झाला?

देशातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया आहे. २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला हा आकडा अग्रलेखांपासून विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांपर्यंत सगळीकडे येऊन गेला. महाराष्ट्रासाठी तोच आकडा ५४.२ टक्के होता. आकडा मोठा आहे आणि चिंतेचाही आहे. पण तो एकच आकडा आहे, ही त्याची अडचण. हिमोग्लोबिन ११.८ असलेली महाविद्यालयातली मुलगी आणि हिमोग्लोबिन ६ पर्यंत घसरल्याने चार पायऱ्या चढतानाही धाप लागणारी शेतमजूर स्त्री, दोघी या ५७ टक्क्यांत सारख्याच मोजल्या जातात. पहिलीला आहारातला बदल आणि लोहाच्या गोळ्या पुरतात. दुसरीला तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

म्हणूनच सर्वेक्षणाचे अहवाल रक्तक्षयाची सौम्य, मध्यम आणि तीव्र अशी विभागणी देतात. पाचव्या फेरीत ५७ टक्क्यांपैकी सौम्य गटात २५.७, मध्यम गटात २८.६ आणि तीव्र गटात २.७ टक्के महिला होत्या. त्याआधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत एकूण प्रमाण ५३.१ टक्के होते. त्यात सौम्य ३९.६, मध्यम १२.४ आणि तीव्र १ टक्का. हे आकडे घेऊन दोन आडव्या पट्ट्या एकाखाली एक काढल्या आणि त्यांत रंग भरले, की नजर सरळ मधल्या तुकड्यावर जाते. वरच्या पट्टीत तो १२.४ टक्के रुंद, खालच्या पट्टीत २८.६. मध्यम रक्तक्षय पाच वर्षांत दुपटीहून अधिक झाला, असे कुणीही म्हणेल.

या चित्रातला एकही आकडा चुकीचा नाही. तरीही त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. असे का होते, हे कळण्यासाठी अशी पट्टी तयार कशी होते ते आधी पाहायला हवे.

आठवीच्या पुस्तकातला आलेख

मराठी माध्यमात शिकलेल्यांना हा आलेख अनोळखी नाही. आठवीच्या गणितात तो ‘विभाजित स्तंभालेख’ म्हणून भेटतो. एकच स्तंभ, त्यात एकावर एक रचलेले भाग. सगळे स्तंभ १०० टक्के उंचीचे केले की त्यालाच ‘शतमान स्तंभालेख’ म्हणतात. तो शाळेत आलेख कागदावर उभा काढला जातो. आरोग्याच्या आकडेवारीत मात्र तो आडवा केलेला जास्त दिसतो, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. उभ्या स्तंभाखाली नाव लिहायला जागा स्तंभाच्या रुंदीएवढीच मिळते. ‘गोवा’ तिथे मावते. ‘दादरा आणि नगर हवेली व दमण आणि दीव’ मावत नाही. मग नावे तिरकी किंवा उभी छापावी लागतात आणि वाचकाला मान वाकडी करावी लागते. स्तंभ आडवा केला की नावे डाव्या बाजूला सरळ ओळीत बसतात आणि यादी खाली खाली वाढवता येते.

आडव्या पट्ट्या ही नवी कल्पनाही नव्हे. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापारविषयक आलेखसंग्रहात स्कॉटलंडची आयात-निर्यात आडव्या पट्ट्यांनी दाखवली होती. इतर देशांप्रमाणे वर्षांनुवर्षांची आकडेवारी हाती नव्हती, एकाच वर्षाचे आकडे होते. त्यामुळे रेषा काढता येईना, म्हणून त्याने प्रत्येक देशासाठी पट्ट्या काढल्या. स्तंभालेखाच्या इतिहासात हे चित्र सुरुवातीचे मानले जाते.

‘आर’ नावाची भाषा

आज असे आलेख काढण्यासाठी जगभरातले साथरोगतज्ज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ ज्या साधनांवर भर देतात, त्यात ‘आर’ ही संगणकभाषा अग्रभागी आहे. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तयार केली. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मलेली ‘एस’ ही भाषा तिचा आदर्श होती. ‘आर’ हे नाव दोघा कर्त्यांच्या नावांच्या आद्याक्षरावरून आले, आणि त्यात ‘एस’वर केलेली कोटीही आहे. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. ती मोफत आहे आणि कोणत्याही साध्या लॅपटॉपवर चालते. त्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयातला पदव्युत्तर विद्यार्थी आणि मोठ्या संशोधन संस्थेतला शास्त्रज्ञ एकच साधन वापरू शकतात.

एक्सेलमध्ये आलेख माउसने काढला जातो. ‘आर’मध्ये तो लिहून काढावा लागतो. कोणते आकडे, कोणत्या क्रमाने, कोणत्या रंगात, हे सगळे ओळी-ओळींच्या आज्ञांमध्ये येते. नवख्याला हे त्रासाचे वाटते. पण त्याचा एक मोठा फायदा आहे. आलेख कसा काढला याची पूर्ण कृती लेखी राहते. दुसऱ्या कुणाला शंका आली तर तो तीच कृती पुन्हा करून बघू शकतो.

पट्टी कशी तयार होते

‘आर’मध्ये स्तंभालेखासाठी मुळातच ‘बारप्लॉट’ ही आज्ञा आहे. तिला आकड्यांचा तक्ता द्यायचा. तक्त्यातला प्रत्येक उभा रकाना म्हणजे एक पट्टी आणि प्रत्येक आडवी ओळ म्हणजे त्या पट्टीतला एक तुकडा, असे ती धरून चालते. ‘हॉरिझ’ हा पर्याय चालू केला की स्तंभ आडवे होतात. बाकी काही सांगितले नाही तर तुकडे शेजारी-शेजारी न ठेवता ती एकाला एक जोडून रचते. रक्तक्षयाच्या आकड्यांसाठी दोन रकाने लागतात, चौथी फेरी आणि पाचवी फेरी. आणि चार ओळी: तीव्र, मध्यम, सौम्य, रक्तक्षय नाही.

पहिली ठेच इथेच लागते. फाइलमधून वाचलेला तक्ता ‘आर’ वेगळ्या प्रकारात साठवते. तो तसाच दिला तर ‘बारप्लॉट’ नकार देते. आधी तो निव्वळ आकड्यांच्या चौकटीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये बदलून घ्यावा लागतो. दुसरी चूक अधिक फसवी, कारण तिथे संगणक तक्रार करत नाही. ओळी आणि रकाने उलटे पडले तर ‘मध्यम’ ही एक पट्टी होते आणि तिच्यात १२.४ व २८.६ हे दोन फेऱ्यांचे आकडे जोडले जातात. एकूण लांबी ४१. या ४१ ला काहीच अर्थ नाही, पण आलेख देखणा दिसतो. म्हणून रचलेल्या पट्टीला पहिला प्रश्न हाच विचारायचा: या तुकड्यांची बेरीज कशाची आहे? टक्क्यांची पट्टी असेल तर ती १०० भरलीच पाहिजे. चौथ्या फेरीचे वरचे आकडे ‘रक्तक्षय नाही’चे ४६.९ धरून ९९.९ भरतात, तो फरक दशांशात पूर्णांक केल्याचा. ४१ भरत असतील तर मात्र काहीतरी बिघडले आहे.

बाकीच्या अडचणी किरकोळ असतात, तरी वेळ खातात. डाव्या बाजूची लांब नावे समासात कापली जातात, म्हणून समास वाढवावा लागतो. नावे उभी छापली जातात, ती सरळ करण्यासाठी ‘लास’ नावाचा पर्याय द्यावा लागतो. पहिली पट्टी वर नव्हे तर तळाशी येते, त्यामुळे यादी उलटी भासते. रंगांची सूची उजव्या कोपऱ्यात पट्टीवरच येऊन बसते.

बरेच जण आता यासाठी ‘जीजीप्लॉट२’ हा जोडसंच वापरतात. न्यूझीलंडच्याच हॅडली विकम यांनी तो तयार केला. आलेखालाही व्याकरण असते, ही लेलंड विल्किन्सन यांनी १९९९ च्या पुस्तकात मांडलेली कल्पना त्याच्या मुळाशी आहे. पूर्वी त्यात आधी उभा आलेख काढून मग तो आडवा फिरवावा लागे. २०२० नंतरच्या आवृत्त्यांत नावे उभ्या अक्षावर दिली की आलेख आपोआप आडवा होतो.

या संचातली एक सोय मात्र जपून वापरावी लागते. प्रत्येक पट्टी ताणून १०० टक्के करणारा ‘फिल’ हा पर्याय त्यात आहे. तक्त्यात ‘रक्तक्षय नाही’ ही ओळ द्यायची राहिली, तर संगणक उरलेल्या तिघांचेच १०० टक्के करतो. ५३.१ आणि ५७ हा फरक दिसेनासा होतो, दोन्ही पट्ट्या सारख्याच भरतात. मध्यम गटाचे २८.६ फुगून सुमारे ५० होतात आणि ‘दर दोन महिलांमागे एकीला मध्यम रक्तक्षय’ असे वाक्य तयार होते. खरे तर ते ‘रक्तक्षय असलेल्या दर दोन महिलांमागे एकीला’ असे हवे होते. दोन शब्द गळले की कोट्यवधी महिलांचा फरक पडतो.

तुकड्यांचा क्रम

क्रम सांगितला नाही तर ‘आर’ गटांना वर्णानुक्रमे लावते. मराठीत नावे दिली तर क्रम होतो तीव्र, नाही, मध्यम, सौम्य. म्हणजे ज्यांना रक्तक्षय नाही अशा महिला तीव्र आणि मध्यम यांच्या मध्ये घुसतात. म्हणून गटांचा क्रम आधी स्वतः नेमून द्यावा लागतो. ‘जीजीप्लॉट२’मध्ये तर आडव्या पट्टीत पहिला गट उजव्या टोकाला जातो, तोही उलटवून घ्यावा लागतो.

हा क्रम केवळ शोभेचा विषय नाही. बेल प्रयोगशाळेतल्या विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लोक आलेखातले कोणते फरक किती अचूक ओळखतात हे तपासले. एकाच रेषेपासून मोजलेल्या टोकांची तुलना लोक सर्वांत बिनचूक करतात. जागा बदलत गेलेल्या तुकड्यांच्या लांबीची तुलना करताना त्यांचा अंदाज अधिक चुकतो. रचलेल्या पट्टीत शून्यापासून सुरू होणारा पहिला तुकडा आणि शंभराला टेकलेला शेवटचा तुकडा, एवढेच नीट तुलता येतात. मधले तुकडे तरंगत असतात.

यावर एक साधा उपाय आहे. क्रम तीव्र, मध्यम, सौम्य, नाही असा ठेवला, की प्रत्येक तुकड्याच्या लांबीऐवजी दोन रंगांमधली सीमा वाचता येते. पहिली सीमा सांगते, तीव्र गटात किती. दुसरी सांगते, मध्यम किंवा त्याहून वाईट स्थितीत किती. तिसरी सांगते, एकूण रक्तक्षय किती. तिन्ही सीमा शून्यापासूनच मोजल्या जात असल्याने डोळ्याला फसायला फारशी जागा राहत नाही. पाचव्या फेरीच्या पट्टीत या सीमा २.७, ३१.३ आणि ५७ वर येतात. चौथ्या फेरीत त्या १, १३.४ आणि ५३ च्या आसपास.

पट्ट्यांचा आपसातला क्रमही तितकाच बोलतो. राज्ये वर्णानुक्रमे लावली तर वाचक आपले राज्य शोधतो आणि थांबतो. प्रमाणानुसार लावली, पश्चिम बंगाल ७१.४, गुजरात ६५, बिहार ६३.५, महाराष्ट्र ५४.२, कर्नाटक ४७.८, गोवा ३९, केरळ ३६.३, की महाराष्ट्र कुणाच्या मागे आणि कुणाच्या पुढे आहे ते एका नजरेत दिसते. आर्थिकदृष्ट्या पुढारलेला गुजरात बिहारच्याही वर आहे, हे वर्णानुक्रमाच्या यादीत सहसा लक्षात येत नाही. रंगांचेही तसेच. तीव्रता वाढत जाणारी गोष्ट एकाच रंगाच्या फिक्या ते गडद छटांनी दाखवावी. लाल-हिरव्याची जोडी काही वाचकांना वेगळी ओळखूच येत नाही, आणि कृष्णधवल छपाईत ती दोन सारख्याच राखाडी छटा होऊन बसते.

सीमा सरकली होती

आता पुन्हा त्या दोन पट्ट्यांकडे. क्रम बरोबर आहे, बेरीज बरोबर आहे, रंग बरोबर आहेत. दुसरी सीमा १३.४ वरून ३१.३ वर गेलेली दिसते. मग मध्यम रक्तक्षय दुपटीहून अधिक झाला, असे का म्हणू नये?

कारण ती सीमा दोन्ही पट्ट्यांत एकच नाही. चौथ्या फेरीच्या अहवालात गरोदर नसलेल्या महिलांसाठी हिमोग्लोबिन १० ते ११.९ ग्रॅम असेल तर सौम्य, ७ ते ९.९ असेल तर मध्यम आणि ७ पेक्षा कमी असेल तर तीव्र रक्तक्षय धरला होता. पाचव्या फेरीत जागतिक आरोग्य संघटनेचे नंतरचे निकष घेतले गेले. त्यानुसार सौम्य गट ११ ते ११.९ एवढाच उरला, मध्यम ८ ते १०.९ झाला आणि तीव्र म्हणजे ८ पेक्षा कमी. हे सगळे आकडे दर १०० मिलिलिटर रक्तामागे.

हिमोग्लोबिन १०.५ असलेली स्त्री चौथ्या फेरीत ‘सौम्य’ होती; पाचव्या फेरीत तीच ‘मध्यम’ झाली. ७.५ असलेली ‘मध्यम’मधून ‘तीव्र’मध्ये गेली. त्यांचे रक्त बदलले असो वा नसो, गट बदलला. सौम्यचे ३९.६ वरून २५.७ होणे आणि मध्यमचे १२.४ वरून २८.६ होणे, यात किती वाटा निकषाचा आणि किती वाटा प्रत्यक्ष आजाराचा, हे या छापील आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. वरच्या पट्टीतली दुसरी सीमा ‘१० पेक्षा कमी किती’ हे सांगते, खालच्या पट्टीतली ‘११ पेक्षा कमी किती’ हे. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच रंगात रंगवली गेली, एवढेच झाले.

दोन्ही पट्ट्यांत एकच सीमा तशीच राहिली: १२ ग्रॅमची. गरोदर नसलेल्या महिलेला रक्तक्षय आहे की नाही हे ठरवणारी रेषा बदललेली नाही. म्हणून ५३.१ वरून ५७, ही ३.९ टक्के अंकांची वाढ तेवढी शेजारी ठेवून वाचता येते. ती चिंतेची आहेच. पण ‘चार अंकांनी वाढ’ आणि ‘दुपटीहून अधिक वाढ’ यांवर आखली जाणारी धोरणे वेगळी असतील. मध्यम रक्तक्षय खरोखर दुपटीवर गेला असता, तर औषधपुरवठ्यापासून रुग्णालयातल्या खाटांपर्यंत साऱ्याचा नव्याने विचार करावा लागला असता.

मुलांच्या पट्टीत वेगळी गोष्ट

यावरून ‘निकष बदलले, म्हणून काळजीचे कारण नाही’ असा सोयीचा अर्थ मात्र काढता येणार नाही. त्याच सर्वेक्षणात ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलांचेही हिमोग्लोबिन मोजले गेले आणि त्यांचे निकष दोन्ही फेऱ्यांत सारखेच होते: १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ च्या खाली तीव्र.

मुलांमधले एकूण प्रमाण ५८.६ वरून ६७.१ टक्क्यांवर गेले. पट्टी काढली की ही वाढ कुठे झाली ते दिसते. सौम्य गट सुमारे २८ टक्क्यांवरून २९ वर, म्हणजे जवळपास जागेवर. तीव्र गट दोन्ही वेळी २ टक्क्यांच्या आसपास. मध्यम गट मात्र सुमारे २९ वरून ३६ वर गेला. साडेआठ अंकांच्या वाढीतला बहुतेक भाग याच तुकड्यात आहे. महाराष्ट्रात मुलांचे एकूण प्रमाण ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले, म्हणजे देशापेक्षाही वेगाने.

महिलांच्या आणि मुलांच्या पट्ट्या शेजारी ठेवल्या तर दोन्हीकडे मधला तुकडा वाढलेला दिसतो, आणि महिलांच्या पट्टीत तो कितीतरी जास्त वाढलेला. पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच महिलांच्या पट्टीकडे जाईल. प्रत्यक्षात त्या तुकड्याबाबत ठामपणे काही सांगणारी पट्टी मुलांची आहे.

एकाच मोजपट्टीने मोजले तर

महिलांच्या बाबतीतला गुंता सोडवण्याचा मार्ग आहे, आणि तिथे ‘आर’ खऱ्या अर्थाने कामाला येते. मुंबईत देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था हे सर्वेक्षण राबवते. पाचव्या फेरीत सुमारे ६ लाख ३७ हजार घरांना भेटी देऊन ७ लाख २४ हजारांहून अधिक महिलांच्या मुलाखती घेतल्या गेल्या. व्यक्तीची ओळख काढून टाकलेली ही मूळ माहिती संशोधकांना रीतसर अर्ज करून मिळत आली आहे. तिच्यात ‘सौम्य’, ‘मध्यम’ या शिक्क्यांबरोबरच हिमोग्लोबिनचा मोजलेला आकडाही असतो. दोन्ही फेऱ्यांतले ते आकडे घ्यायचे, एकाच निकषाने कापायचे आणि पट्टी नव्याने काढायची.

‘आर’मध्ये या कापणीसाठी ‘कट’ नावाचीच आज्ञा आहे. तिलाही ८, ११, १२ अशा सीमा द्यायच्या. पण इथेही जपावे लागते. वेगळे सांगितले नाही तर ही आज्ञा सीमेवरचा आकडा खालच्या गटात टाकते. नेमके १२ हिमोग्लोबिन असलेली स्त्री व्याख्येनुसार निरोगी, पण ‘कट’ तिला सौम्य रक्तक्षयात ढकलते. नेमके ११ असलेली मध्यममध्ये जाते. हिमोग्लोबिन एका दशांशापर्यंतच मोजले जात असल्याने नेमक्या १२ च्या नोंदी भरपूर असतात. एक छोटा पर्याय द्यायचा राहिला, तर देशाचा रक्तक्षय कागदावर वाढतो.

याखेरीज, मूळ फाइलमध्ये ११.८ हा आकडा ११८ असा दशांशचिन्हाशिवाय साठवलेला असतो. गरोदर महिलांचे निकष वेगळे असल्याने त्यांना वेगळे कापावे लागते. समुद्रसपाटीपासूनची उंची आणि धूम्रपान यांनी हिमोग्लोबिन बदलते, म्हणून त्यांचा विचार करून दुरुस्त केलेला आकडाच घ्यावा लागतो. शिवाय नमुन्यात प्रत्येक महिला सारख्याच संख्येचे प्रतिनिधित्व करत नाही. छोट्या राज्यांतून तुलनेने जास्त महिला निवडलेल्या असतात. म्हणून प्रत्येक नोंदीला दिलेला भार हिशेबात धरावा लागतो. त्यासाठी थॉमस लम्ली यांनी तयार केलेला ‘सर्व्हे’ हा जोडसंच वापरला जातो. हे सगळे केल्यावर पट्टी काढण्याची ओळ शेवटी येते आणि ती सर्वांत सोपी असते.

मोजणीचीच मर्यादा

निकष एकसारखे केले तरी एक प्रश्न उरतो: रक्त घेतले कसे? या सर्वेक्षणात बोटाला सुई टोचून आलेला थेंब छोट्या यंत्रात तपासला गेला. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मात्र शिरेतून रक्त घेऊन ते प्रयोगशाळेत तपासले. तिथे १ ते ४ वर्षांच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण सुमारे ४१ टक्के आले. वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, हे खरे. तरी जवळपास त्याच काळातल्या ५८.६ टक्क्यांशी हा फरक मोठा आहे. बोटाच्या थेंबात हिमोग्लोबिन कमी मोजले जाण्याची शक्यता असते, असे मत त्यामुळे अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. म्हणून वेगळ्या पद्धतीने मोजलेल्या दोन सर्वेक्षणांच्या पट्ट्या एकाच आलेखात शेजारी ठेवल्या, तर त्यावर ही पद्धत लिहिलेली असायला हवी.

निकषही पुन्हा हलले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जी नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यात ६ ते २३ महिन्यांच्या बाळांसाठी रक्तक्षयाची रेषा ११ वरून १०.५ ग्रॅमवर आणली. पुढच्या एखाद्या सर्वेक्षणात ती वापरली गेली, तर बाळांमधला रक्तक्षय एकाही बाळाचे रक्त न सुधारता कमी झालेला दिसेल. तेव्हा कौतुकाचे मथळे छापण्याआधी हे आठवले पाहिजे.

असा आलेख समोर आला की वाचकाने तीन गोष्टी पाहाव्यात. पट्टी १०० भरते का, आणि ते १०० कोणाचे? तुलना करायचे तुकडे एकाच रेषेपासून सुरू होतात का? आणि दोन्ही पट्ट्यांत त्या रंगाचा अर्थ एकच आहे का? आलेख काढणाऱ्यासाठी तर उपाय अधिकच सोपा आहे. सूचीत नुसते ‘मध्यम’ न लिहिता ‘८ ते १०.९ ग्रॅम’ असे लिहावे. असे केले असते, तर सुरुवातीच्या दोन पट्ट्यांना एकच सूची देताच आली नसती आणि चूक तिथेच पकडली गेली असती.

प्रयोगशाळेचा रिपोर्ट हाती घेतलेल्या स्त्रीच्या दृष्टीने मात्र यातली एक गोष्ट अजिबात बदललेली नाही. तिचे हिमोग्लोबिन १०.५ असेल, तर त्याला २०१५ मध्ये काय म्हटले जात होते आणि आज काय म्हणतात, याने तिचा थकवा कमी-जास्त होत नाही. तिने डॉक्टरांना भेटायला हवे, आणि कारण शोधायला हवे. कारण लोहाची कमतरता असू शकते, बी-१२ किंवा फोलेटची असू शकते. विदर्भात किंवा नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलही असू शकतो. तिला कोणत्या रंगाच्या तुकड्यात बसवायचे हे नंतर ठरले तरी चालेल.